डबा ऐसपैस, व्हाया सॅटेलाइट

लहानपणी डबा ऐसपैस खेळलायत ना? सोसायटीच्या मधोमध एक रिकामा डबा, एकावर राज्य, आणि बाकीची गँग जिन्याखाली, स्कूटरमागे, पाण्याच्या टाकीवर. आता हेच चित्र उलटं करा. माणसं उघड्यावर, लपलेला असतो तो डबा. राज्य तुमच्यावर. डबा कुठाय ते उपग्रह सांगणार, पण पाच-दहा मीटरचा घोळ ठेवून. तेवढ्या टप्प्यात डोकं लावून, वाकून, डोकावून तो शोधायचा. झालं, जिओकॅशिंगचा फंडा एवढाच!

यातली ‘कॅश’ म्हणजे पैसे नव्हेत हे आधीच सांगितलेलं बरं. माझ्या एका मित्राचे डोळे नाव ऐकूनच चमकले होते. इथे कॅश म्हणजे लपवून ठेवलेला साठा. फोनवरच्या नकाशात जवळपासचे डबे दिसतात. एखादा निवडायचा, त्याच्या अक्षांश-रेखांशांच्या मागे जायचं, सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवायचा. आत किचेन, नाणी, छोटी खेळणी असं काहीबाही असतं. त्यातलं एखादं उचललंत तर त्याच्या तोडीचं काही मागे ठेवायचं.

या खेळाबद्दल जे काही छापून येतं ते बहुतेक शोधणाऱ्यांच्या बाजूने. ट्रेझर हंट, थ्रिल, वीकेंडचा हटके प्लॅन वगैरे. मी स्वतः आतापर्यंत ३७ डबे शोधलेत, त्यामुळे ते थ्रिल खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण मला खरा इंटरेस्ट वाटायला लागला तो पलीकडच्या माणसात. ज्याने डबा लपवला त्याच्यात. शोधणाऱ्याचं काम अर्ध्या तासात संपतं. लपवणाऱ्याचं काम डबा ठेवल्यावर सुरू होतं आणि नंतर वर्षानुवर्षं चालतं. फुकटात! आणि आपल्या शहरासारख्या शहरात तर ते काम नीट केलं नाही तर पोलीस येऊ शकतात.

पहिला डबा, आजच्या नियमात नापास

थोडी हिस्ट्री. मे २००० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी सरकार सामान्य माणसांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे. त्यामुळे तुमचं यंत्र तुम्हाला १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकायचं. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सरकारने ही भानगड बंद केली आणि एका रात्रीत जगभरची जीपीएस यंत्रं शहाणी झाली. लगेच, ३ मे २००० ला, डेव्ह उल्मर नावाच्या कॉम्प्युटर इंजिनीअरने ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांत ती दोघांना सापडलीसुद्धा. महिन्याच्या अखेरीस ‘जिओकॅशिंग’ हा शब्द तयार झाला आणि २ सप्टेंबर २००० ला जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं. तेव्हा जगात असे ७५ डबे होते. आज काही लाखांत मोजावे लागतात, आणि अंटार्क्टिकाही सुटलेली नाही.

गंमत अशी, की उल्मरसाहेबांची बादली आज कुणी मंजुरीला पाठवली तर ती नापास होईल. ती अर्धवट जमिनीत पुरलेली होती. जमीन मालकाच्या परवानगीशिवाय खणायला आता मनाई. आणि आतल्या सामानात चक्क घेवड्याच्या दाण्यांचा डबा होता. खायच्या वस्तूंना तर पूर्ण बंदी, कारण वास आला की प्राणी येतात. (तो घेवड्याचा डबा पुढे सेलिब्रिटी झाला, ती वेगळी स्टोरी.)

म्हणजे आजचे नियम पहिल्या दिवशी कुणी बसून लिहिलेले नाहीत. डबे ठेवले गेले, काहीतरी बिघडलं, मग नियम आला. त्यामुळे नियमांची यादी वाचताना मला नेहमी त्यामागचा राडा दिसतो.

मस्त जागा म्हणजे नेमकी कशी?

लपवण्याच्या जागेला या मंडळींच्या भाषेत ‘हाइड’ म्हणतात. आणि हाइडच्या दर्जावर हे लोक जेवढे भांडतात तेवढे आपण मिसळीवरही भांडत नसू!

सगळ्यात जास्त शिव्या खातो तो मायक्रो. १०० मिलीहून लहान डबा. जुन्या कॅमेऱ्यातल्या फिल्मरोलची डबी हा त्यातला क्लासिक. त्याहून छोटा नॅनो, करंगळीच्या पेराएवढा, मागे लोहचुंबक. आत गुंडाळलेली कागदाची पट्टी, जी बाहेर काढता येते पण परत आत जात नाही. अमेरिकेत पार्किंगच्या दिव्यांच्या खांबांना तळाशी पत्र्याचं एक झाकण असतं. ते उचललं की खाली डबी. पहिल्यांदा भारी वाटतं, दहाव्यांदा जांभई येते. नेवाडातल्या एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवेवर तर अशा हजाराहून जास्त डब्या ठराविक अंतराने ओळीने ठेवलेल्या होत्या. गाडी थांबवा, उतरा, सही करा, चढा, पुन्हा तेच. टार्गेट पूर्ण करायची सवय ऑफिसातून सुटत नाही, दुसरं काय!

आपल्याकडे तो खांबवाला प्रकार मुळात नकोच. पावसाळ्यात विजेच्या खांबाला हात लावायचा नाही, हे प्रत्येकाला आईने शिकवलेलं आहे.

मग चांगला डबा कोणता? २०१० च्या डिसेंबरपासून वेबसाइटवर ‘फेव्हरिट पॉइंट’ नावाची सोय आहे. सशुल्क सभासदाला दर दहा डबे शोधल्यावर एक पॉइंट मिळतो, तो मनापासून आवडलेल्या डब्याला द्यायचा. अशा आवडत्या डब्यांच्या पानांवरच्या नोंदी मी तासन्तास वाचल्यात. भारी कलाकुसरीचे डबे तिथे आहेतच, म्हणजे पक्ष्याचं घरटं वाटणारा डबा, कोड्याचं कुलूप असलेली पेटी. पण लोक पुन्हा पुन्हा लिहितात ते साधंच असतं. जागा अशी होती की एरवी इथे कधी आलोच नसतो. आणि वही कोरडी होती.

वही कोरडी होती! हे वाचून मला आधी हसू यायचं. मग सिंगापूरच्या ट्रिपमध्ये एका बाकामागे मला एक फिल्मडबी सापडली. उघडली तर आतला कागद म्हणजे पोह्यांचा लगदा. सही करायला जागा तर सोडाच, कागद आणि डबी वेगळी करता येईना. तासभर शोधलेल्या गोष्टीकडे बघून ‘शी!’ म्हणायची वेळ आली की सगळा मूड जातो. त्याच दिवशी एका बागेत दुसरा डबा मिळाला. अगदी साधा, क्लिपवाला, झाडाच्या ढोलीत, शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आत टोक केलेली पेन्सिल, कोरी करकरीत पानं. मी तिथेच बसून आधीच्या नोंदी वाचल्या. दोन्ही डब्यांत फरक कसला, तर एकाकडे कुणीतरी महिन्याभरात येऊन गेलं होतं, दुसऱ्याकडे नाही.

हाइडची आणखी एक परीक्षा आहे आणि ती लपवणाऱ्याला सहसा सुचत नाही. शंभरावा शोधणारा येऊन गेल्यावर ती जागा कशी दिसेल? समजा तुम्ही खोट्या बोल्टमध्ये डबी केली आणि पुलाच्या कठड्याला लावली. आयडिया सॉलिड आहे. पण शोधणाऱ्याला खोटा बोल्ट कुठला हे माहीत नसतं, म्हणून तो खरे बोल्ट पिळून बघतो. दगडी भिंतीच्या फटीत डबा ठेवला तर तो ज्या फटीत नाही त्या सगळ्या फटींतले दगड आधी हलवले जातात. ब्रिटनमध्ये शेतांच्या बांधांवरच्या चुना-मातीशिवाय रचलेल्या भिंतींत डबे ठेवायला याच कारणाने बंदी आहे. तुमच्या डब्याने काही मोडलं नसेल, पण त्याच्यामुळे मोडलं.

ही भिंतीची गोष्ट ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपले गड आले. राजगडाच्या माचीवर, लोहगडाच्या दरवाजात एखादा डबा, किती फिल्मी! पण तटबंदीतला एक दगड हलवायचा म्हणजे काय ते जरा इमॅजिन करा. यातले बरेच किल्ले केंद्राच्या नाहीतर राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. शिवाय जुलै २०२५ मध्ये १२ मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रातले, आणि राजगड, लोहगड दोन्ही त्यात आहेत. तिथे डबा नको म्हणजे नको. किल्ल्याची किंवा खडकाची ओढ असेल त्यांच्यासाठी ‘अर्थकॅश’ हा प्रकार आहे, २००४ मध्ये अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सोसायटीने सुरू केलेला. त्यात डबाच नसतो. तुम्ही जागेवर जायचं, खडक बघायचा आणि त्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. अंधेरीची गिल्बर्ट हिल किंवा लोणारचं विवर या प्रकारासाठीच जन्माला आल्यासारखी आहेत. ठेवायला काही नाही, सडायला काही नाही.

‘बेवारस वस्तूला हात लावू नका’

पुणे स्टेशनवर ही अनाउन्समेंट आपण इतक्यांदा ऐकलीय की ती आता ऐकूच येत नाही. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत एका बेवारस बॅगेतल्या बॉम्बचा स्फोट झाला. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर पुन्हा स्फोट झाले. ज्या शहराच्या आठवणीत हे आहे तिथे काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला डबा फर्ग्युसन रस्त्यावरच्या बाकाखाली चिकटवणं याला खेळ म्हणता येणार नाही.

आणि हे नुसतं आपलं भित्रेपण नाही. जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी नावाच्या छोट्या गावात एका माणसाच्या हालचाली विचित्र वाटल्या म्हणून कुणीतरी पोलिसांना कळवलं. रस्ता बंद झाला, लष्कराचं बॉम्बपथक आलं आणि त्यांनी तो ‘संशयास्पद’ डबा उडवून दिला. निघालं काय, तर जिओकॅश! त्यानंतर तिथे शहरातल्या डब्यांसाठी जागामालकाच्या परवानगीचा आग्रह बराच वाढला.

म्हणून हे नियम. रेल्वेच्या रुळांजवळ, विमानतळ, धरण, लष्करी जागा, शाळा यांच्या आसपास डबा नाही. डब्यावर तो काय आहे हे स्पष्ट लिहिलेलं हवं. आत हत्यार, दारू, औषधं, स्फोटक काही नको. झाडाला खिळा ठोकायचा नाही. जाहिरातबाजी नाही. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो मैलाचा दहावा भाग आहे, अमेरिकन खेळ ना! चार दिवसांची मजा म्हणून डबा ठेवता येत नाही, निदान तीन महिने तरी तो राहील अशी तयारी लागते. प्रत्येक नवा डबा यादीत येण्याआधी एक स्वयंसेवक रिव्ह्यूअर तपासतो. तो प्रत्यक्ष जागेवर येत नाही. त्याच्याकडे नकाशा असतो आणि तुमचा शब्द असतो.

आणि एक नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही जिथे नियमित पोहोचू शकत नाही तिथे डबा ठेवू नका. सुट्टीवर गेलात, निसर्ग आवडला, आठवण म्हणून डबा ठेवला आणि फ्लाइट पकडली, असं चालत नाही. भारतात डबे मुळात विरळ, आणि त्यातल्या काहींचे मालक केव्हाच देशाबाहेर गेलेले. त्यांच्या पानांवर वर्षानुवर्षं ‘नाही सापडला’, ‘नाही सापडला’ अशी रांग लागते. अनाथ डबे.

नर्सरीतला पाहुणा

शाळेपासूनची माझी एक मैत्रीण आयटीत आहे. दोन वर्षं ऑनसाइट म्युनिकला होती, तिथे तिला हा नाद लागला. येताना तिने काय आणलं, चॉकलेटं? नाही. गॅस्केटवाले रिकामे डबे! पुण्यात आल्यावर तिने पहिले काही महिने एकही डबा ठेवला नाही. फक्त जागा बघत हिंडली. टेकडी नको, वनखात्याची परवानगी लागेल. मॉल नको, सिक्युरिटी आहे. सोसायटी नको, सेक्रेटरी आहेत. शेवटी पौडच्या अलीकडे, मुख्य रस्त्यावरून आत एक रोपांची नर्सरी तिला सापडली. तिने गुलाबाची चार रोपं घेतली आणि मालकांना विचारलं.

“काका, तुमच्या भिंतीपाशी मी एक डबा ठेवू का?”

“कसला डबा? आत काय हाय?”

“वही आणि पेन्सिल.”

काका म्हणे बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग तिने फोन काढून अख्खा खेळ समजावला. काकांनी डबा उघडून, हातात घेऊन, वहीची पानं फडफडवून बघितली आणि म्हणाले, “ठेव. पण सहानंतर कुणी यायचं नाय.” परवानगी म्हणतात ती अशी. तिने वेबसाइटवर वेळ लिहिली, डब्यावर मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली, आणि वेगवेगळ्या दिवशी चार वेळा जाऊन फोनवर जागेचे आकडे घेतले, मग त्यांची सरासरी काढली. झाडाखाली आणि भिंतीपाशी उपग्रहाचा सिग्नल भरकटतो. एकाच रीडिंगवर विश्वास ठेवला तर शोधणारे शेजारच्या शेतात जातात आणि शिव्या तिला बसतात.

तरी पहिल्या दोन महिन्यांतच घोळ झाला. डबा रिकाम्या कुंड्यांच्या उतरंडीमागे होता. एका रविवारी दोन मुलं आली आणि तासभर कुंड्या उचकटत बसली. काकांची काही रोपं आडवी झाली. शेवटी काकांनीच बोट दाखवलं, “इकडं नाय, तिकडं!”

“काका, सांगायचं नसतं हो!”

“मंग काय करू? माझी जास्वंद मोडत व्हते.”

बाईसाहेब त्याच आठवड्यात गेल्या. डबा कुंड्यांपासून लांब, भिंतीतल्या एका जुन्या कोनाड्यात हलवला. कंबरेच्या उंचीवर, वर पत्रा, आत काय आहे ते हात न घालता दिसेल असा. आपल्याकडे न बघता बिळात-ढोलीत हात घालायला लावणारी जागा म्हणजे साप-विंचवाला आमंत्रण, हा तिचा स्वतःचा नियम. पानावर नवे आकडे टाकले आणि वर लिहिलं, की एकही कुंडी हलवायची गरज नाही. डबा शोधायला सोपा झाला. तिच्या म्युनिकच्या मित्राने चिडवलं, की आता यात चॅलेंज काय उरलं? ती म्हणाली, चॅलेंज काकांच्या जास्वंदीचं होतं, ते मी सोडवलं. मला हे उत्तर जाम आवडलं.

वर्षातून तीन वेळा ती तिथे जायची. मेच्या शेवटी, श्रावणात, आणि दिवाळीनंतर. गेल्या श्रावणात मीही गेले. पाऊस असा की वायपर हरले. मला वाटलं होतं पाच मिनिटांत वही बघून भजी खायला जाऊ. तिने सॅक उघडली तर आत हे एवढं सामान!

आधी तिने डबा पुसला आणि मगच उघडला, नाहीतर झाकणावरचं पाणी आतच जातं. मग झाकणाच्या खाचेतलं रबर बोटाने चाचपलं. त्यात वाळूचा एक कण जरी अडकला तरी पाणी आत यायला वाट मिळते. पण सगळ्यात मोठा व्हिलन म्हणजे वहीची झिपवाली पिशवी. घाईत झाकण लावताना तिचा कोपरा कडेत अडकतो आणि त्याच्या घडीतून पाणी हळूहळू आत झिरपतं. ज्या पिशवीने वही वाचवायची तीच वही बुडवते. म्हणून तिची पिशवी डब्याच्या मानाने लहान, कोपरा बाहेर येऊच शकणार नाही अशी. सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या, त्या एकदा ओल पिऊन झाल्या की नुसतं वजन. पेन्सिलीला टोक केलं. पेन का नाही, तर शाई दमटपणात फुटते, पेन्सिल ओल्या हातांनीही लिहिते.

आत मुंग्या होत्या. कुणीतरी प्रेमाने टॉफी ठेवली होती. ती टॉफी बाहेर काढताना माझी मैत्रीण जे बोलली ते या अंकात छापता येणार नाही.

क्लिपचा एक सांधा उन्हाने पांढरा पडला होता, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तुटणार. तिने नवा डबाच आणला होता. तोही दुकानातून थेट नाही. आत कोरा टिश्यूपेपर ठेवून, वर वजन ठेवून रात्रभर बादलीत बुडवलेला. सकाळी टिश्यू कोरडा निघाला तर डबा पास. महागातले दोन डबे म्हणे या परीक्षेत नापास झाले होते.

काका चहा घेऊन आले. “एवढं तर आमी मोटारीचं पण करत नाय,” म्हणाले.

‘सापडला नाही’ लिहायला लाज कसली?

मालक एकटा किती बघणार? तो वर्षातून तीनदा जाईल, बाकीचे दिवस त्याचे डोळे म्हणजे शोधणारे. म्हणून वेबसाइटवर ‘सापडला’सारखीच ‘सापडला नाही’ अशीही नोंद असते. ती लिहायला लोक लाजतात. अपयश कशाला मिरवायचं? पण ओळीने चार जणांनी ‘नाही सापडला’ लिहिलं तरच मालकाला कळतं, की डबा बहुधा गेलाय. डबा फुटलाय, वही भरलीय, असं दिसलं तर मालकाचं लक्ष वेधणारी वेगळी नोंद करता येते. मालक काही काळ डबा ‘तात्पुरता बंद’ ठेवू शकतो, साधारण महिनाभर. त्यानेही काही केलं नाही तर रिव्ह्यूअर विचारतो, आणि उत्तर आलं नाही तर डबा यादीतून कायमचा जातो.

याला एक शॉर्टकट आहे आणि तो मला अजिबात पटत नाही. डबा सापडला नाही की खिशातली डबी काढून तिथेच टाकायची, तिच्यात सही करायची आणि ‘सापडला’ लिहून मोकळं व्हायचं. वर मालकाला सांगायचं, तुमचं काम वाचवलं हो! बऱ्याचदा मूळ डबा तिथेच असतो, यांना दिसलेला नसतो. मग एका जागी दोन डबे होतात, दुसऱ्याची देखभाल कुणाचीच नसते, आणि पुढच्याला कुठला खरा हे कळत नाही. टाइमशीट भरण्यासाठी काम झालंय असं दाखवण्याचाच हा प्रकार.

नर्सरीतल्या डब्यात तीन वर्षांत २३ नोंदी झाल्या. युरोपातल्या शहरात हा आकडा एखाद्या आठवड्यात होईल. इथे जर्मनीहून आलेलं एक कुटुंब होतं, इंजिनीअरिंगची मुलं होती, बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते, त्यांनी वहीत अर्धं पान भरून काकांच्या चाफ्याबद्दल लिहिलं होतं. शेवटच्या आठ महिन्यांत मात्र एकही नोंद नाही.

आणि मग तिला बंगळुरूचा जॉब मिळाला.

डब्याचं काय करायचं? सगळ्यात सोपं म्हणजे काहीच न करणं. डबा चांगला आहे, काका आहेत, येतंय कोण? एक-दोन वर्षं कुणाला कळणारही नाही. अनाथ डबे असेच तयार होतात. कुणी ठरवून टाकून जात नाही, पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. दुसरा मार्ग दत्तक देण्याचा. वेबसाइटवर डब्याची मालकी रीतसर दुसऱ्या खेळाडूच्या नावावर करता येते. अमेरिकेतल्या कॅन्ससमधला ‘मिंगो’ नावाचा डबा ११ मे २००० ला ठेवलेला, जगातला सगळ्यात जुना चालू डबा म्हणून लोक लांबून तो बघायला जातात. तो इतकी वर्षं टिकला कारण कुणी ना कुणी त्याची जबाबदारी घेत राहिलं.

तिने मला विचारलं, “तू घेशील?”

मी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. मला तो डबा आवडतो, काकांचा चहा त्याहून आवडतो. पण मेच्या शेवटी, श्रावणात आणि दिवाळीनंतर, दरवर्षी, पावसात, मी बादली-टिश्यू करत तिथे जाईन का? डेडलाइनच्या आठवड्यात नाही जाणार, हे मला माहीत होतं. तिने वाईट वाटून घेतलं नाही. ओळखीतल्या दोघा-तिघांना विचारलं, एक जण उत्साहाने हो म्हणाला, पण जागा बघायला आलाच नाही.

जायच्या आधीच्या शनिवारी तिने पानावर शेवटची नोंद लिहिली आणि डबा कायमचा बंद केला. बंद करताना डबा उचलून आणावाच लागतो, नाहीतर तो नुसता प्लॅस्टिकचा कचरा. आम्ही नर्सरीत गेलो. तिने वही काढून घेतली, किचेन आणि नाणी एका पिशवीत भरली. रिकामा डबा सॅकमध्ये टाकणार तेवढ्यात काका म्हणाले, “तो हितंच ऱ्हाऊ दे की. पाणी शिरत नाय त्यात.”

आता तो काकांच्या टेबलावर असतो. वर चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलंय : झेंडू, बी.